गुहा साफ केलीत, आता निदान उरलेली माती तरी चाळा : सांस्कृतिक कार्यमंत्र्यांना खुलं पत्र

मा. मंत्रीसाहेब,

सप्रेम नमस्कार. आपण कामात असाल, जास्त वेळ घेत नाही.

पत्रास कारण की मंगळवारी आमच्या टेकडीवरची कपार "साफ" झाली. जेसीबी तोंडापर्यंत गेला, पुढे माणसं लावली, फावड्याने आतली माती ओढली आणि तीन ट्रॉल्या भरून रस्त्याच्या साइडपट्टीला टाकली. का, तर आत देवीचा दगड आहे, क वर्ग यात्रास्थळ म्हणून निधी आलाय, फरशी बसवायचीय.

दोन वर्षांपूर्वी एक सरकारी साहेब कपार बघून गेले होते. साळिंदराने उकरलेल्या मातीत गारगोटीची पाती पडलेली, नखाएवढी, कडेला अजून धार. हातात घेऊन म्हणाले मध्याश्मयुगीन दिसतात, म्हणजे शेतीच्या आधीच्या शिकारी माणसांची हत्यारं, पावसाळ्यानंतर ट्रायल ट्रेंच, म्हणजे तपासणीचा छोटा चर, घेऊ, तोवर कुणाला हात लावू देऊ नका. मी नाही लावू दिला. दोन पावसाळे राखण केली, गुराख्यांशी भांडलो, आठ फेऱ्या मारल्या कचेरीत, प्रत्येक वेळी एसटी, बुडालेला रोज आणि "साहेब मीटिंगमध्ये आहेत". आईच्या मोतीबिंदूची तारीख चुकली ती अशाच एका फेरीत. गावात मला दगडवाला म्हणतात, घरात काय म्हणतात ते इथे लिहिण्यासारखं नाही.

आता तुम्ही म्हणाल कपार तर जागेवर आहे ना, गेली ती माती. अहो मातीच तर सगळं होती! मध्य प्रदेशातलं भीमबेटका घ्या. 1957 साली पुरातत्त्वज्ञ वाकणकरांना ती टेकडी रेल्वेतून दिसली, तिथल्या कपारींतली चित्रं जगाला कळली, पण तिथे माणूस किती मागपासून राहतोय ते चित्रांनी नाही सांगितलं, ते सांगितलं जमिनीने. 1973 पासून डेक्कन कॉलेजच्या वि. ना. मिश्रांनी तिथली एक कपार थराथराने खोदली, तळाशी अश्युलियन, म्हणजे अगदी जुन्या अश्मयुगातल्या दगडी हातकुऱ्हाडी आणि चढत चढत वर मध्याश्मयुगाची बारीक पाती, एकाच छपराखाली. तिथे कोणी आधी फरशी बसवली असती तर?

आणि वय कसं काढतात माहितीय? वाळूच्या कणाला शेवटचा उजेड कधी लागला ते मोजतात. म्हणून नमुना घेताना पाइप ठोकून कण अंधारातच बाहेर काढतात. आमची माती भर बाराच्या उन्हात पसरली साहेब. घड्याळ शून्यावर. 2017 मध्ये तर परदेशात नुसत्या गुहेच्या मातीतून, हाड नसताना, निअँडरथल या नामशेष झालेल्या माणसाचा डीएनए मिळाला. आपल्या उकाड्यात तसा टिकणं अवघड, कबूल, पण राखेचा थर तर टिकतो ना? आमच्या कपारीत वीतभर खाली काळा पट्टा होता, साळिंदराच्या बिळात टॉर्च मारून मी स्वतः पाहिलाय. आता तो साइडपट्टीच्या मुरुमात आहे, त्यावरून तुमची गाडी मस्त जाईल.

कायद्याचं तर बोलूच नका. 1958 चा प्राचीन स्मारकांचा कायदा, त्यात नंतरच्या दुरुस्तीने शंभर मीटरात बांधकाम बंद, पुढे दोनशे मीटर परवानगी लागते, पण सगळं संरक्षित स्मारकांच्या यादीतल्यांना. यादीत यायचं तर पुरावा पाहिजे, पुराव्यासाठी खोदायला पाहिजे, खोदायला परवानगी मिळत नाही, आणि बिनपरवानगी खोदायचा हक्क फक्त जेसीबीला. बरं यादीतल्यांचं तरी काय? 2013 मध्ये कॅगने पाहणी केली तेव्हा 92 स्मारकं जागेवर सापडलीच नव्हती, पुढे संसदेत सांगितलं की पन्नासेक अजूनही सापडत नाहीत. अख्खी स्मारकं हरवतात तिथे माझ्या तीन ट्रॉल्या कोण शोधणार! टेंडर निघतं फरशीचं, पेव्हर ब्लॉकचं, कमानीचं. माती चाळायचं टेंडर कधी पाहिलंय कुणी? त्यात कुणाला काय सुटणार.

मागणी एवढीच. मागच्या भिंतीला, देवीच्या दगडाच्या डाव्या अंगाला, हातभर रुंद पट्टी अजून शिल्लक आहे, मजुरांचं फावडं तिथे पोचलं नाही कारण वर आग्यामोहोळ आहे. तिथे माणूस पाठवा, नमुने घ्या. साइडपट्टीवरची माती रोलर फिरायच्या आत चाळून घ्या, थर गेले तरी दगड मिळतील. मी एकट्याने घरच्या चाळणीने दोन दिवसांत 31 पाती काढली, बिस्किटाच्या डब्यात ठेवलीत, पण कुठल्या थरातली ते आता कुणाचा बापही सांगू शकणार नाही.

फरशीचा ट्रक सोमवारी येतोय. मधमाश्यांना धूर द्यायला माणूस रविवारी संध्याकाळी.

आपला,
दगडवाला