ट्रॅकसाठी सस्पेन्शन निवडताना आधी डॅम्पर पाहावा, उंची शेवटी

माननीय संपादक,
स.न.वि.वि.

आपल्या वाहनविषयक पुरवणीत स्पोर्ट्स कारच्या सस्पेन्शनमधील (चाके गाडीच्या सांगाड्याला जोडणाऱ्या स्प्रिंग-डॅम्परच्या रचनेतील) बदलांवर आलेला लेख वाचला. हा विषय मराठी वृत्तपत्रात सविस्तर येतो याचे समाधान आहे. मात्र लेखात गाडी किती खाली बसते यालाच सर्वाधिक जागा मिळाली असून, ट्रॅक डेला, म्हणजे शर्यतीच्या ट्रॅकवर स्वतःची गाडी चालवायच्या दिवशी, नेल्या जाणाऱ्या गाडीच्या बाबतीत हीच गोष्ट सर्वांत शेवटी ठरवायची असते. मी ठाण्यात राहणारा यांत्रिकी अभियंता आहे, स्वतःची गाडी ट्रॅकवर नेतो आणि हा छंद जपणाऱ्या तरुणांचा पैसा चुकीच्या सुट्या भागांवर जाताना नेहमी पाहतो, म्हणून हे पत्र लिहीत आहे.

आपल्याकडच्या गाडीची परिस्थिती मुळातच वेगळी आहे. नोएडाजवळचे ५.१ किलोमीटरचे बुद्ध सर्किट, चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टई येथील ३.७ किलोमीटरचा ट्रॅक आणि कोइम्बतूरचा छोटा, आखूड वळणांचा कारी स्पीडवे हे देशातले परिचित ट्रॅक ठाण्यापासून हजार किलोमीटरहून अधिक अंतरावर आहेत. त्यामुळे गाडी ट्रेलरवर चढवून न नेणाऱ्याला आधी महामार्गाने तिथवर पोहोचायचे असते, तिथे दिवसभर वळणे घ्यायची असतात आणि परत येऊन त्याच गाडीने घोडबंदर रस्त्यावरून कामावर जायचे असते. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार ताशी २५ किलोमीटर वेगासाठीचा गतिरोधक १० सेंटिमीटर उंच आणि ३.७ मीटर रुंद असावा. आमच्या गृहसंकुलांच्या अंतर्गत रस्त्यांवर या मापाशी काहीही संबंध नसलेले अरुंद, उभे उंचवटे पावलोपावली आहेत. अशा गाडीला चाक वर-खाली जाण्यासाठी पुरेसे अंतर लागते आणि गाडी खाली बसवल्यावर सर्वप्रथम तेच कमी होते.

गॅरेजमध्ये सर्वाधिक खपतो तो ‘लोअरिंग स्प्रिंग’चा संच. मूळ डॅम्पर (स्प्रिंगचे हेलकावे शमवणारे शॉक ॲब्सॉर्बर) तसेच ठेवून केवळ आखूड आणि ताठ स्प्रिंग बसवण्याचा हा उपाय स्वस्त असतो, गाडी दिसतेही देखणी, परंतु त्यामागचे गणित समजून घ्यायला हवे. स्प्रिंग दुप्पट ताठ केली की गाडीच्या वर-खाली होण्याची कंपसंख्या सुमारे १.४ पट होते आणि ते पूर्वीइतक्याच हेलकाव्यांत शमवायचे असेल तर डॅम्परचा रोधही तितक्याच पटीने वाढावा लागतो. कंपनीने दिलेला डॅम्पर मऊ स्प्रिंगसाठी बेतलेला असतो, त्यामुळे दबलेली ताठ स्प्रिंग उसळते तेव्हा तो तिला पुरेसा आवरू शकत नाही. वेगात ब्रेक दाबून वळणात शिरताना गाडी एकदाच दबून स्थिरावण्याऐवजी डुलत राहते, टायरवरचा भार सतत कमी-जास्त होतो आणि चालकाला पकडीचा अंदाज बांधता येत नाही. म्हणून खर्चाची मर्यादा असेल तर आधी उत्तम डॅम्पर घ्यावेत आणि स्प्रिंग त्यांना साजेशी, मूळ स्प्रिंगपेक्षा थोडीच ताठ असावी, असे माझे स्पष्ट मत आहे. ते शक्य नसेल तर मूळ सस्पेन्शन सुस्थितीत ठेवणे हे अर्धवट बदलापेक्षा निश्चितच चांगले.

उंची कमी करण्याचा दुसरा परिणाम फारसा कुणी सांगत नाही. मॅकफर्सन स्ट्रट (डॅम्परचा उभा दांडाच चाकाला वरून धरून ठेवतो अशी रचना) असलेल्या गाडीत, आणि पोर्शे ७१८ केमनमध्ये तर पुढे-मागे दोन्हीकडे स्ट्रट आहेत, उंची प्रमाणाबाहेर कमी केली की खालचे आर्म, म्हणजे चाकाला सांगाड्याशी जोडणारे दांडे, चाकाच्या बाजूने वर कलतात. गुरुत्वमध्य जेवढा खाली येतो त्याहून रोल सेंटर (वळणात गाडी ज्या बिंदूभोवती कलते तो) अधिक खाली जाते आणि गाडीचा कलण्याकडे असलेला ओढा उलट वाढतो. त्यात भर म्हणजे शिल्लक राहिलेले अंतर वळणाच्या मध्यावरच संपून सस्पेन्शन बंप स्टॉपवर, म्हणजे शेवटच्या रबरी अडथळ्यावर, टेकते. त्या क्षणी त्या कोपऱ्याचा ताठपणा एकदम वाढतो. हे पुढे घडले तर गाडी बाहेर सरकते आणि मागे घडले तर मागचा भाग सुटतो.

अँटी-रोल बारविषयीही, म्हणजे डाव्या-उजव्या चाकांना जोडून गाडीचे कलणे कमी करणाऱ्या दांड्याविषयीही, असाच गैरसमज आहे. वळणात आतल्या चाकांवरून बाहेरच्या चाकांवर एकूण किती भार सरकतो हे गाडीचे वजन, गुरुत्वमध्याची उंची, चाकांमधील रुंदी आणि वळणातील पार्श्व त्वरण यांवर अवलंबून असते. बार जाड केल्याने तो भार कमी होत नाही, फक्त पुढच्या आणि मागच्या चाकांतली त्याची वाटणी बदलते. आधीच बाहेर सरकणाऱ्या गाडीला पुढचा जाड बार लावला तर बहुधा ती आणखी सरकते.

याउलट जो बदल सर्वांत स्वस्त आहे त्याकडे दुर्लक्ष होते, तो म्हणजे व्हील अलाइनमेंट, अर्थात चाकांचे कोन जुळवणे. ट्रॅकवरून आलेल्या गाडीचे पुढचे टायर हात फिरवून पाहावेत. बाहेरच्या कडेला रबराच्या बारीक गुंडाळ्या झालेल्या आणि नक्षी जवळजवळ संपलेली असते, तर आतली कड नव्यासारखी असते. याचा अर्थ त्या चाकाला अधिक निगेटिव्ह कॅम्बर, म्हणजे चाकाचा वरचा भाग आत झुकलेला, हवा आहे. मूळ गाडीत तो बहुधा एक अंशाच्या आसपास किंवा त्याहूनही कमी असतो. तो कॅम्बर प्लेट किंवा बोल्टच्या साहाय्याने दोन-अडीच अंशांपर्यंत नेला आणि टो (वरून पाहता चाके आत किंवा बाहेर वळलेली असण्याचा कोन) जवळपास शून्यावर ठेवला, तर महागड्या कॉइलओव्हरइतका (उंची बदलता येणाऱ्या स्प्रिंग-डॅम्पर संचाइतका) फरक पडू शकतो, शिवाय टायरही वाचतात. आतली कड झिजेल ही भीती रास्त आहे, पण शहरात ती कड मुख्यतः चुकीच्या टोने झिजते.

कायद्याची बाजूही छापली जायला हवी होती. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ ने वाहनात मनाजोगते बदल करण्यावर बंधने घातली आहेत आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर नियमबाह्य बदलासाठी प्रत्येकी ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कारावास किंवा दोन्हींची तरतूद आहे. खासगी कारच्या विम्यात संघटित शर्यत व वेगचाचणी वगळलेली असते. त्यामुळे सस्पेन्शनला हात लावण्यापूर्वी परिवहन कार्यालय आणि विमा कंपनी या दोघांकडेही लेखी विचारणा करणे अगत्याचे आहे.

आपल्याला एक विनंती आहे. पुढील लेखात एखाद्या संचाची माहिती देताना स्प्रिंगचा ताठपणा किती, डॅम्पर त्याच्याशी जुळवलेला आहे का, उंची कमी केल्यावर चाकाला किती अंतर उरते आणि गळका डॅम्पर मुंबई परिसरात उघडून दुरुस्त होतो की परदेशी पाठवावा लागतो, एवढे अवश्य द्यावे. शेवटचा मुद्दा कोकणपट्टीत विशेष महत्त्वाचा आहे, कारण पावसाळ्यात कॉइलओव्हरच्या आट्यांमध्ये चिखल बसून त्या गंजतात आणि पुढच्या मोसमात उंची बदलायची म्हटली तरी ती ठरवणारी रिंग जागची हलत नाही.

आपला नम्र,
एक वाचक,
कासारवडवली, ठाणे (पश्चिम)