मागे येता आलं पाहिजे

पुणे,
रविवार, रात्री उशिरा

प्रिय बंड्या,

हात अजून स्टिअरिंगवरच असल्यासारखे वाटतायत. झोप येईना, म्हणून लिहायला बसलो.

तू थार घेतल्यापासून एकच विचारतोस, ‘किती उभा चढ चढेल?’ आज जिप्सी घेऊन पौडच्या पुढे गेलो होतो, मुळशीच्या अंगाला. ओळखीच्या एका शेतकऱ्याच्या मालकीचा उतार आहे. शेजारीच वनखात्याची हद्द, तिकडे चाकही घातलं नाही. चढ जेमतेम 200 मीटर, पण भिंतच म्हण! खाली काळा कातळ, मध्ये सुटा मुरूम, वर पावसानं कोरलेली घळ.

पुढच्या चाकांनाही इंजिनचा जोर मिळावा म्हणून त्यांचे हब लॉक केले, पकड वाढावी म्हणून टायरची हवा 18 पीएसआयपर्यंत उतरवली आणि आधी पायी वर जाऊन आलो. तू याचा कंटाळा करतोस, माहीत आहे मला. पण घळीची डावी कड आतून पोखरलेली होती, ती गाडीतून दिसलीच नसती. चढाला लागलं की बॉनेटपलीकडे नुसतं आभाळ.

फोर-लो, म्हणजे चारही चाकांना जोर जास्त, वेग कमी; आणि पहिला गिअर. मुरमापर्यंत छान गेली. तिथे पुढचं उजवं आणि मागचं डावं चाक अधांतरी झालं. साध्या डिफरेन्शियलमध्ये, म्हणजे डाव्या-उजव्या चाकांना जोर वाटून देणाऱ्या गिअरांमध्ये, अधांतरी चाकच गरगरतं, जमिनीवरच्याला जोर मिळत नाही. मी घाबरून ॲक्सिलरेटर सोडला आणि इंजिन बंद पडलं.

बंड्या, त्या क्षणी गाडी वळवून तोंड खाली करावंसं वाटतं. तेवढं कधी करू नकोस. उतारावर आडवी झालेली गाडी कुशीवर जाते. ब्रेक घट्ट धरला, क्लच दाबून रिव्हर्स टाकला, क्लच पूर्ण सोडला, मग चावी फिरवली आणि ब्रेक हळूहळू सैल केला. इंजिननंच गाडी धरली. चाकं सरळ ठेवून, क्लचला पाय न लावता, मुंगीच्या पावलानं पायथ्याशी आलो. पाठ घामानं भिजली होती.

दुसऱ्या वेळी हातभर उजवीकडून घेतली, घळ दोन्ही चाकांच्या मधोमध ठेवली, ॲक्सिलरेटर एकसारखा. चढली! वरून धरणाचं पाणी दिसलं आणि मला तुझी फार आठवण आली.

दिवाळीत थार घेऊन ये. पण पहिला अर्धा दिवस आपण फक्त मागे उतरायचा सराव करू. मग तू चालव, मी पुढे चालत हातानं दिशा दाखवीन.

वहिनींना नमस्कार.

तुझाच,
दादू