स्वालबार्डचा बेत मार्गी लावून देणाऱ्या ताईंस

ट्रॉम्सोच्या ताईंस,
सप्रेम नमस्कार.

स्वालबार्डची, म्हणजे नॉर्वेच्या उत्तरेकडच्या आर्क्टिक बेटांची, सप्टेंबरची सफर नीट पार पडली. हे पत्र सर्वांना वाचता येईल असं लिहीत आहोत, कारण तुम्ही केलेली मदत आमच्या गटापुरती ठेवण्यासारखी नाही. स्वालबार्डची चौकशी करणाऱ्या मराठी माणसांना बहुधा हॉटेलांची आणि सहलींची यादी मिळते. तुम्ही आम्हाला बेत आखण्याचा क्रम दिलात: आधी उजेड ठरवा, मग पायाखाली बर्फ हवा की समोर मोकळा समुद्र ते ठरवा, मग व्हिसा आणि वाटाड्या. विमानाचं तिकीट सर्वांत शेवटी.

स्वालबार्डचं मुख्य गाव लाँगियरब्येन ७८ अंश उत्तरेला आहे. साधारण २० एप्रिल ते २२ ऑगस्ट तिथे सूर्य मावळत नाही आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या आठवड्यापासून फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत उगवत नाही. नोव्हेंबरच्या मध्यापासून जानेवारीअखेरपर्यंत तर भरदुपारीही काळोख. सूर्य फेब्रुवारीत क्षितिजावर परतला, तरी डोंगरांच्या आडोशामुळे गावात ऊन पडायला ८ मार्च उजाडतो. हे तुम्ही तारखांसकट मांडलंत आणि निम्मा घोळ तिथेच मिटला. फेब्रुवारीच्या सुरुवातीला जाऊन बर्फाळ दऱ्यांचे फोटो मिळत नाहीत. जुलैत जाऊन ध्रुवीय प्रकाश (ऑरोरा) दिसत नाही. स्नोमोबाइल आणि कुत्र्यांची गाडी यांचा खरा हंगाम मार्च ते मेची सुरुवात, कारण तेव्हा बर्फ घट्ट असतो आणि उजेडही भरपूर. बोटीने हिमनद्यांच्या कड्यांपाशी, पक्ष्यांच्या सुळक्यांखाली जायचं तर जून ते सप्टेंबर.

शांतता हवी असेल तर सप्टेंबरचा उत्तरार्ध, हा तुमचा सल्ला सोन्यासारखा. दिवस-रात्र जवळपास समान, तापमान शून्याच्या आसपास, डोंगरमाथ्यावर नवं हिम, रात्री आकाश स्वच्छ असेल तर ध्रुवीय प्रकाशाची शक्यता, आणि मोठ्या जहाजांची वर्दळ ओसरलेली. गावाची वस्ती अडीच हजारांच्या आसपास. भर उन्हाळ्यात एकाच क्रूझ जहाजातून त्याहून जास्त माणसं उतरू शकतात. म्हणून तारीख पक्की करण्याआधी लाँगियरब्येन बंदराने जाहीर केलेलं जहाजांचं वेळापत्रक उघडायचं आणि मोठी जहाजं नसलेले दिवस निवडायचे. हे कुठल्याही प्रवास कंपनीने आम्हाला सांगितलं नव्हतं. सप्टेंबरचा धोकाही तुम्ही लपवला नाहीत: हिमनदीवरच्या भेगा नव्या हिमाने झाकल्या जातात, पण तो थर माणसाचं वजन पेलण्याइतका घट्ट झालेला नसतो. म्हणून दोर, हार्नेस आणि वाटाड्या असल्याशिवाय हिमनदीवर पाऊल टाकायचं नाही.

व्हिसाबद्दल तुम्ही जे लिहिलंत ते प्रत्येक भारतीय प्रवाशाने पाठ करावं. ९ फेब्रुवारी १९२० रोजी झालेल्या स्वालबार्ड कराराने बेटांवर नॉर्वेचं सार्वभौमत्व मान्य झालं आणि करारातल्या देशांच्या नागरिकांना तिथे समान हक्क मिळाले. त्या बेटांवर जायला वेगळा व्हिसा लागत नाही. पण नेहमीचं विमान ऑस्लोहून किंवा ट्रॉम्सोहून सुटतं, आणि स्वालबार्ड शेंगेनमध्ये, म्हणजे युरोपातल्या सामायिक व्हिसाच्या क्षेत्रात, येत नाही; म्हणजे शेंगेनमधून बाहेर पडून पुन्हा आत यायचं. त्यामुळे व्हिसा दुहेरी किंवा अनेक प्रवेशांचाच हवा. एकेरी प्रवेशाच्या व्हिसावर परतीचा दरवाजा बंद होतो. अर्जाच्या पत्रात पहिल्या प्रवेशाची तारीख, स्वालबार्डला निघण्याची तारीख आणि दुसऱ्या प्रवेशाची तारीख अशा तीन ओळी वेगळ्या लिहायला सांगितल्यात. तपासणाऱ्याच्या नजरेत दोन प्रवेश ठळक यावेत यासाठी याहून सोपा उपाय नाही. अर्ज सहा महिने आधीपासून करता येतो. निकालाला साधारण पंधरा दिवस लागतात, पण उन्हाळ्याच्या गर्दीत त्यावर विसंबू नये. पासपोर्ट हातात आला की आधी प्रवेशांची संख्या वाचायची.

ऑस्लोत एक रात्र राखून ठेवण्याचा आग्रहही योग्यच होता. मुंबईहून आलेलं सामान ऑस्लोला उचलून कस्टममधून न्यावं लागतं, पुढच्या विमानाआधी पासपोर्ट तपासणी असते, आणि तिकिटं वेगवेगळ्या कंपन्यांची असतील तर पहिलं विमान उशिरा आल्याची जबाबदारी दुसरी कंपनी घेत नाही. परतीलाही तेच. लाँगियरब्येनला धुकं किंवा वारा असला की विमान रद्द होतं, म्हणून मुंबईच्या विमानाआधी पूर्ण एक दिवस मोकळा ठेवायचा.

ध्रुवीय अस्वलांबद्दल तुम्ही ठाम राहिलात, त्याबद्दल विशेष आभार. गावाच्या हद्दीवरची अस्वलाच्या इशाऱ्याची पाटी शोभेची नाही. ऑगस्ट २०२० मध्ये विमानतळाजवळच्या तंबूतळावर अस्वलाच्या हल्ल्यात एकाचा मृत्यू झाला, आणि ती जागा गावापासून काही किलोमीटरवरच आहे. वस्तीबाहेर जाणाऱ्याकडे अस्वलाला घाबरवून पळवण्याचं साधन असणं बंधनकारक आहे आणि बंदूक बाळगण्याची शिफारस आहे. पण बंदूक भाड्याने घ्यायला राज्यपाल कार्यालयाची, म्हणजे सिसेलमेस्टरची परवानगी लागते आणि ती हाताळण्याचं ज्ञान दाखवावं लागतं. ज्याने आयुष्यात रायफल चालवलेली नाही त्याने शस्त्रधारी वाटाड्यासोबतच जावं, हा तुमचा निर्णय आम्ही जसाच्या तसा मानला. १ जानेवारी २०२५ पासून नियम आणखी कडक झालेत: अस्वलापासून किमान ३०० मीटर अंतर, आणि १ मार्च ते ३० जून या काळात ५०० मीटर. नकळत जवळ आलात तर मागे हटायचं. त्यामुळे अस्वल जवळून दाखवण्याचं आश्वासन देणाऱ्या सहलीवर फुली मारावी. अस्वल दिसलंच तर ते दुर्बिणीतून, दूर ठिपक्याएवढं दिसेल असं धरून चालावं. मोठी लेन्स घ्यावी, ड्रोन घरी ठेवावं. विमानतळाभोवतीच्या पाच किलोमीटरच्या बंदी क्षेत्रात अख्खं गाव येतं, आणि संरक्षित भागांतही ड्रोनवर बंधनं आहेत.

लाँगियरब्येन, इसफ्योर्ड आणि आसपासचा भाग व्यवस्थापन क्षेत्र १० मध्ये मोडतो. त्याबाहेर स्वतंत्रपणे जायचं तर सिसेलमेस्टरला आधी कळवावं लागतं आणि शोध व बचावाचा खर्च उचलणारा विमा दाखवावा लागतो. साध्या प्रवास विम्यात हे कलम बहुतेक वेळा नसतं, म्हणून विमापत्रात ‘शोध व बचाव’ आणि ‘हवाई रुग्णवाहिका’ हे दोन्ही शब्द शोधायचे. गावातलं रुग्णालय छोटं आहे. गंभीर रुग्णाला विमानाने ट्रॉम्सोला, म्हणजे साडेनऊशे किलोमीटरच्या आसपास दूर, न्यावं लागतं. नियमित औषधं दुप्पट आणि हातातल्या पिशवीत, हेही तुमचंच.

कपड्यांची यादी आता आम्ही प्रत्येकाला पाठवतो. अंगाला लागून मेरिनो लोकर, त्यावर फ्लीस किंवा लोकरीचा स्वेटर, त्यावर वारा आणि पाणी अडवणारं जाकीट. सुती बनियन आणि जीन्स नकोत, कारण सूत घाम धरून ठेवतं आणि थांबल्यावर तोच घाम अंग गारठवतो. बूट एक नंबर मोठे, आत मोजे सैल. बूट घट्ट झाले की रक्त खेळत नाही आणि बोटं आधी गारठतात. पातळ हातमोज्यांवर एकबोटी जाड हातमोजे, म्हणजे कॅमेऱ्याचं बटण दाबताना हात उघडा पडत नाही. उणे १५ अंशांत स्नोमोबाइलने ताशी ४० किलोमीटर गेलं की उघड्या त्वचेला उणे २७ च्या आसपास जाणवतं, म्हणून नाक-गाल झाकणारं कापड आणि गॉगल हवेतच. जाड सूट, हेल्मेट आणि बूट सहल कंपनी देते. ते विकत घेण्यात पैसे घालवू नयेत. स्नोमोबाइल चालवणाऱ्याला मूळ वाहन परवाना लागतो. भारतीय परवाना चालेल का, हे कंपनीकडून लेखी घ्यावं. बॅटऱ्या आतल्या खिशात ठेवायच्या, आणि खोलीत शिरण्याआधी कॅमेरा हवाबंद पिशवीत घालून तासभर तसाच राहू द्यायचा, नाहीतर दमट हवेतलं पाणी लेन्सच्या आत बसतं. घरात, काही हॉटेलांत आणि संग्रहालयातही बूट दाराशी काढतात. कोळशाच्या खाणींच्या काळातली ती रीत आहे. जाड मोजे जोडीला असू द्यावेत.

खाण्याबाबत तुम्ही वेळेत सावध केलंत. युरोपाबाहेरून दूध-दुभत्याचे आणि मांसाचे पदार्थ नॉर्वेत आणता येत नाहीत. म्हणजे तूप, पेढे, खव्याची पोळी घरीच. मेतकूट, भाजणी, शेंगदाण्याची चटणी, चिवडा आणि तेलावरचे ठेपले नेता येतात. गावातल्या दुकानात डाळी, भात, गोठवलेल्या भाज्या मिळतात, पण ताजी भाजी मुख्य भूमीवरून येते आणि महाग असते. स्वयंपाकघर असलेली खोली घेतली की शाकाहारी माणसाची चिंता मिटते.

नी-ऑलेसुंड या स्वालबार्डमधल्या संशोधकांच्या गावाबद्दल आमच्या गटात सर्वांत जास्त उत्सुकता होती, कारण भारताचं ‘हिमाद्री’ केंद्र तिथे १ जुलै २००८ पासून आहे आणि ते गोव्यातल्या वास्को इथल्या राष्ट्रीय ध्रुवीय व महासागर संशोधन केंद्राकडून चालवलं जातं. ते बाहेरून पाहायचं, आत जायची अपेक्षा ठेवायची नाही, हे तुम्ही स्पष्ट सांगितलंत. आणि बोट गावाला पोचण्याआधीच फोनचं वायफाय आणि ब्लूटूथ बंद करायचं, कारण तिथल्या वेधशाळेच्या रेडिओ निरीक्षणांत त्याने अडथळा येतो. घड्याळातलं आणि कानातल्या श्रवणयंत्रातलं ब्लूटूथ लोक विसरतात, ही आठवण फक्त तुम्हीच दिलीत.

तसंच १९४६ पूर्वीच्या माणसांच्या खुणा, मग तो गंजका खिळा का असेना, संरक्षित आहेत. त्या उचलायच्या नाहीत, फुलं तोडायची नाहीत. जून-जुलैत आर्क्टिक सुरय पक्षी घरट्यापाशी डोक्यावर झेपावतात, तेव्हा काठी डोक्यापेक्षा उंच धरायची. तो सर्वांत उंच टोकावर चोच मारतो.

तुमचे सगळे मुद्दे एका तक्त्यात मांडून सोबत जोडले आहेत. प्रत्येक गटाआधी तो सिसेलमेस्टरच्या ताज्या नियमांशी पडताळून घेतला जाईल. मार्चच्या गटात दोघांना गुडघ्यांचा त्रास आहे. त्यांच्यासाठी कुत्र्यांची गाडी बरी की पट्ट्यांवर चालणारी बंद बर्फगाडी, तेवढं सवडीने कळवावं.

मनःपूर्वक आभार.

आपले,
पुण्याचे सहप्रवासी