मोबाईलवर वायफाय चालतं म्हणून तक्रार बंद कशी होते?

प्रति,
मा. तक्रार निवारण अधिकारी,
ब्रॉडबँड विभाग

विषय : राउटरच्या लॅन पोर्टचा बिघाड दुरुस्त न करताच तक्रार बंद केल्याबाबत व भेट शुल्क परत मिळण्याबाबत

महोदय,

मी सांगलीत विश्रामबागला राहते. छोट्या दुकानदारांचे हिशेब लिहायचे आणि त्यांची जीएसटीची रिटर्न भरायची, हे काम घरूनच करते. आपल्या कंपनीचा १०० एमबीपीएसचा फायबर प्लॅन माझ्याकडे आहे आणि त्याचं बिल कधी थकलेलं नाही. कामाचा कॉम्प्युटर जुना डेस्कटॉप आहे. त्यात वायफाय नाही, राउटरच्या लॅन पोर्टमधून, म्हणजे वायर लावायच्या खाचेतून, निघालेली लॅनची वायर थेट त्याच्या पाठीमागे लागते. कनेक्शन घेतल्यापासून हे असंच सुरळीत चाललं होतं.

मग एका सकाळी कॉम्प्युटरवर इंटरनेट नाही. त्याच सकाळी घरातले सगळे मोबाईलही वायफायवरून सुटलेले. पाहिलं तर आम्ही ठेवलेलं वायफायचं नाव गायब, आणि राउटरच्या बुडाशी चिकटवलेल्या स्टिकरवरचं कंपनीचं नाव परत आलेलं. पासवर्डही स्टिकरवरचाच. म्हणजे रात्रीतून राउटर मूळ सेटिंगवर गेला होता. आमच्यापैकी कोणी त्याला हात लावला नव्हता. हा मुद्दा मी कस्टमर केअरला प्रत्येक फोनवर पहिल्याच वाक्यात सांगितला आहे. तो आपल्या नोंदीत कुठेही दिसत नाही, म्हणून इथे लेखी देते.

मोबाईल स्टिकरवरच्या पासवर्डने पुन्हा जोडले, ते लगेच चालू झाले. कॉम्प्युटर मात्र बंदच. आपल्या माणसांनी जे तपासायला हवं होतं ते मी तपासलं, माझ्या भाच्याला नेटवर्किंगचं कळतं, त्याच्या मदतीने. वायर बदलली. चारही पोर्टांत लावून पाहिली. दर वेळी कॉम्प्युटरच्या मागचा हिरवा दिवा लागतो, शेजारचा पिवळा लुकलुकतो, म्हणजे वायर तुटलेली नाही. त्याच वायरला भाच्याचा लॅपटॉप वायफाय बंद करून लावला, त्यावरही इंटरनेट नाही. कॉम्प्युटरचा नेटवर्कवरचा पत्ता (आयपी अ‍ॅड्रेस) पाहिला तर १६९.२५४ ने सुरू होणारा. हा पत्ता विंडोज स्वतःच स्वतःला देतं, कधी? तर राउटरकडे पत्ता मागूनही काही उत्तर आलं नाही, तेव्हा. पूर्वी तिथे १९२.१६८.१ ने सुरू होणारा पत्ता असायचा आणि तो आपल्या राउटरकडून मिळायचा. थोडक्यात, वायर ठीक, कॉम्प्युटर ठीक, फक्त राउटर लॅन पोर्टवर पत्ता द्यायचा थांबला आहे.

भाच्याचं म्हणणं असं की फायबरच्या अशा डब्यांमध्ये प्रत्येक लॅन पोर्टला राउटरने स्वतः पत्ता द्यायचा की तिथलं सगळं काही न करता नुसतं पुढे सोडून द्यायचं, याची सेटिंग असते. मूळ सेटिंगवर गेल्यावर तीच उलटी झाली असावी. आम्ही ती बघायला गेलो, पण ग्राहकाच्या लॉगिनमध्ये ते पानच दिसत नाही. ते आपल्या लॉगिनमध्येच उघडतं आणि त्याचा पासवर्ड आपण ग्राहकाला देत नाही. द्यावा असंही माझं म्हणणं नाही. पण खोलीला कुलूप तुमचं, किल्ली तुमच्या खिशात, आणि आत काय बिघडलंय याचा खर्च मात्र भाडेकरूवर, हे कसं चालेल?

आता कस्टमर केअरबद्दल. राउटर तीस सेकंद बंद करून चालू करा, हे मी केलं, वेगवेगळ्या आवाजांच्या सांगण्यावरून पुन्हा पुन्हा केलं. त्यानंतरचा प्रश्न ठरलेला असतो : “मॅडम, मोबाईलवर इंटरनेट चालतंय ना? मग आमच्या बाजूने काही प्रॉब्लेम नाही.” एका प्रतिनिधीने तर विंडोज नव्याने टाकून घ्या असा सल्ला दिला. त्या कॉम्प्युटरवर पंधरा-वीस दुकानांचा टॅलीचा डेटा आहे. राउटरची एक सेटिंग बघायची सोडून ग्राहकाला कॉम्प्युटर पुसायला सांगणं हे कुठल्या प्रशिक्षणात बसतं, ते मला जाणून घ्यायला आवडेल.

शेवटी एक टेक्निशियन आला. मुलगा नम्र होता, त्याच्याबद्दल माझी तक्रार नाही. त्याने फायबरची पिन काढून मीटरला लावली, उणे २१ आलं, “सिग्नल एकदम ओके आहे काकू” म्हणाला. मग स्वतःच्या मोबाईलवर वायफायचा स्पीड टेस्ट केला, त्याचा फोटो काढला. मी म्हटलं, लॅनची वायर लावून बघ की. तर त्याच्याकडे लॅपटॉप नव्हता. “आम्हाला देत नाहीत काकू.” माझ्या कॉम्प्युटरवर दाखवते म्हटलं, तर पुढच्या कॉलची वेळ झाली होती. तो जिना उतरतो न उतरतो तोच मेसेज आला की आपली तक्रार यशस्वीरीत्या सोडवण्यात आली आहे, कृपया पाचपैकी गुण द्या.

पुढच्या बिलात “ग्राहकाच्या बाजूचा दोष, भेट शुल्क” म्हणून ३५० रुपये लागले, वर १८ टक्के जीएसटीचे ६३, एकूण ४१३. कर बरोबर लावलेला आहे, हिशेबात चूक नाही. चूक त्याच्या आधीच्या ओळीत आहे.

दोष माझ्या बाजूला नाही, याचा आणखी एक पुरावा देते. जीएसटीआर-१ या विक्रीच्या रिटर्नची ११ तारीख जवळ आली तेव्हा मी मोबाईल आपल्याच वायफायला जोडला, मोबाईलला चार्जिंगची वायर लावून ती कॉम्प्युटरला जोडली आणि यूएसबी टेदरिंग, म्हणजे मोबाईलवरचं इंटरनेट वायरने कॉम्प्युटरला द्यायची सोय, चालू केलं. त्याच कॉम्प्युटरवर, तेच विंडोज असताना, आपलंच इंटरनेट व्यवस्थित आलं आणि रिटर्न भरली गेली. राउटर आणि कॉम्प्युटर यांच्यात हातभर अंतर आहे, आणि इंटरनेट मोबाईलमधून वळसा घेऊन येतं. फोन आला की तो उचलायचा कसा, वायर तर निघता कामा नये, अशी रोजची कसरत चालू आहे. जीएसटीआर-३बी या दुसऱ्या रिटर्नची २० तारीखही मी अशीच काढली.

माझी मागणी अशी. राउटरच्या सेटिंगमध्ये जाऊ शकणाऱ्या माणसाने लॅन पोर्ट तपासावेत, दूरवरून किंवा घरी येऊन, पण घरी आल्यास लॅनची वायर लावता येईल असं काहीतरी सोबत आणावं. काम झाल्यावर तक्रार मी कॉम्प्युटर चालू झाल्याचं सांगितल्यानंतरच बंद व्हावी आणि नोंदीत खरं कारण लिहिलं जावं. ४१३ रुपये बिलातून वजा करावेत आणि लॅन बंद असलेल्या दिवसांचं भाडंही सोडावं, कारण मी पैसे मोबाईलच्या वायफायपुरते भरत नाही. राउटर पुन्हा आपोआप मूळ सेटिंगवर जाणार असेल तर निदान आधी मेसेज करावा.

दूरसंचार नियामक ट्रायच्या २०१२च्या तक्रार निवारण नियमांप्रमाणे तक्रार केंद्राच्या उत्तराने समाधान झालं नाही तर आपल्याच कंपनीच्या अपिलीय प्राधिकाऱ्याकडे जाता येतं आणि त्यांनी ३९ दिवसांत निर्णय द्यायचा असतो. माझ्या बंद केलेल्या प्रत्येक तक्रारीचा डॉकेट नंबर मी जपून ठेवला आहे. या पत्रावर काही हालचाल झाली नाही तर अपील दाखल करीन, आणि १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवरही नोंद करीन.

फोन करणार असाल तर कृपया राउटर बंद-चालू करण्यापासून सुरुवात करू नये.

कळावे,
आपली ग्राहक
विश्रामबाग, सांगली

सोबत : बिलाची प्रत (नाव व ग्राहक क्रमांक त्यावर आहे), कॉम्प्युटरच्या स्क्रीनचे फोटो, तक्रार बंद झाल्याचे मेसेज.