पुस्तक बदलले, बाके मात्र मुलग्यांनीच उचलायची

महोदय,

बालभारतीने २०१९ मध्ये दुसरीच्या पुस्तकातली चित्रे बदलली. आई-बाबा दोघे बसून पालेभाजी निवडताहेत, बाई वाहतूक पोलीस आहे, इस्त्री पुरुष करतोय. हे काम झाले आपल्याच पुण्यात, सेनापती बापट मार्गावरच्या बालभारतीच्या कार्यालयात. पण शहरातल्या शाळांत स्नेहसंमेलनाची तयारी बघा. बाके आणि सतरंज्या मुलांकडे. रांगोळी, औक्षण, पाहुण्यांना गुलाबाचे फूल मुलींकडे. तसा लेखी नियम कुठेच नसतो. ‘चार मुलगे चला रे’ असे सर म्हणतात आणि धडधाकट मुली जागेवर बसून राहतात. दोन-चार वर्षांनी त्यांच्यातलीच एखादी पथकात कमरेला ढोल बांधून लक्ष्मी रस्त्यावर तासन्‌तास वाजवते. शाळेतले बाक तेवढे तिला जड!

३ जानेवारीला सावित्रीबाईंची जयंती होते. १८४८ साली भिडेवाड्यात मुलींना शिकवणाऱ्या बाईंच्या फोटोसमोरही खुर्च्या मुलगेच मांडतात आणि समईजवळ मुलीच उभ्या असतात.

मैदानाचे दुखणे याहून मोठे. पेठांतल्या शाळांना मैदान मुळात हातभर. पीटीच्या तासाला ते क्रिकेटवाल्यांचे. मुली कडेने गप्पा मारत फेऱ्या घालतात. मग शिक्षकच सांगतात, मुलींना खेळाची आवड नाही. चेंडू हातातच येत नसेल तर आवड लागणार कशी?

मुलग्यांच्या वाट्याला वेगळेच येते. आमच्या पालकसभेत एक बाई म्हणाल्या, ‘मुलींकडे नुसते डोळे वटारले तरी पुरते, मुलांना फटका दिल्याशिवाय कळत नाही.’ हशा पिकला. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यातल्या कलम १७ नुसार शारीरिक शिक्षेला आणि मानसिक छळाला बंदी आहे, आणि ती मुलगा-मुलगी बघून लागू होत नाही. रडणाऱ्या मुलाला ‘मुलीसारखा काय रडतोस’ म्हणणे तर इतके रुळले आहे, की आपण दोघांनाही बोल लावला हे म्हणणाऱ्याला कळतही नाही. दंगा करणाऱ्याला शिक्षा काय, तर मुलींच्या बाकावर बसवणे. हे असे शिकवायचे आणि नववी-दहावीत ही मुले एकमेकांशी मोकळेपणाने बोलत नाहीत म्हणून समुपदेशक बोलवायचे.

यावर उपाय करायला पैसा लागत नाही. हजेरीपटावर आधी सगळे मुलगे, मग मुली असे न करता नावे आडनावाच्या क्रमाने लावावीत. कामे हजेरी क्रमांकाने पाळीपाळीने द्यावीत. मैदान आठवड्यातले ठरावीक तास मुलींसाठी राखावे आणि ते वेळापत्रक फलकावर लावावे. अनुदानित आणि महापालिकेच्या शाळांत व्यवस्थापन समिती असते, तिच्यात निम्म्या महिला असाव्यात असे कायदाच सांगतो. जूनमध्ये शाळा सुरू झाल्यावर होणाऱ्या पहिल्या बैठकीत या सदस्यांनी मैदानाचा विषय घ्यावा.

– एक पालक, सदाशिव पेठ, पुणे