कोपाकबानाचा बेत, कुस्कोच्या अटीवर

ती. आई-बाबा,
सा. न. वि. वि.

कोपाकबानाचा बेत पक्का करण्याआधी हे सविस्तर लिहिते आहे. बाबा, नकाशात शोधाल तेव्हा आधी रिओचा समुद्रकिनारा दिसेल. तो नव्हे. आपलं गाव बोलिव्हियात, तितिकाका सरोवराच्या काठी, ३,८४१ मीटरवर आहे. "केदारनाथ झालंय की" असं म्हणाल, पण केदारनाथ साधारण ३,५८० मीटरवर आहे आणि तिथून माणूस दर्शन घेऊन एक-दोन दिवसांत खाली उतरतो. इथे अख्खा प्रदेशच उंच. सरोवराचं पाणीच ३,८१२ मीटरवर आहे. कोपाकबानात त्रास झाला तर पटकन खाली उतरायला जागाच नाही, कारण ला पाझकडे जाताना वाटेत ४,००० मीटरहून उंच असलेलं एल आल्तो शहर ओलांडावं लागतं. म्हणून पुढे जायचं की नाही हे आपण पेरूतल्या कुस्कोतच ठरवायचं.

क्रम असा ठेवू. लिमाहून विमानाने कुस्को, पण तिथे न थांबता त्याच दिवशी गाडीने खाली उरुबांबाच्या खोऱ्यात जायचं (साधारण २,८७० मीटर) आणि तीन रात्री राहायचं. मग कुस्कोत (३,४०० मीटर) दोन रात्री. डोकेदुखी, मळमळ, चालताना तोल जाणं, बसल्या जागी धाप यांतलं काहीही असेल तर पुढची तिकिटं रद्द. पैसे गेले तर जाऊ देत. सगळं ठीक असेल तर दिवसाच्या बसने पुनो, म्हणजे सरोवराच्या पेरूकडच्या काठावरचं शहर. वाटेत ला रायाची खिंड ४,३०० मीटरच्या वर आहे, तिथे फोटोसाठी धावपळ नको. पुनोत एक रात्र, कोपाकबानात दोन.

डायमॉक्सबद्दल (उंचीचा त्रास टाळायची गोळी) डॉक्टरांना विचारा. बहुधा १२५ मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, चढण्याच्या आदल्या दिवसापासून देतात. आई, तुला सल्फाच्या औषधाने पुरळ आलं असेल तर ते आधी सांग. बाबांच्या रक्तदाबाच्या गोळीत लघवी वाढवणारं औषध असेल तर तेही सांगायला हवं. झोपेची गोळी आणायचीच नाही, तिने रात्री श्वास आणखी मंदावतो. बोटाला लावायचं ऑक्सिमीटर आणा, पण तिथे ८५ ते ९० आकडा दिसला म्हणून लगेच घाबरू नका. त्या उंचीवर तसा तो दिसतोच. आकड्याहून लक्षणांकडे पाहा.

पीतज्वराच्या लसीचा प्रश्न किचकट आहे. पेरू आणि बोलिव्हिया दोन्ही भारताच्या पीतज्वराच्या देशांच्या यादीत असल्याने परतताना लसीचा दाखला मागतात. नसेल तर सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवू शकतात. दाखला लस घेतल्यानंतर दहा दिवसांनी लागू होतो आणि लस सरकारमान्य केंद्रातच घ्यावी लागते. पण साठीनंतर पहिल्यांदाच ही लस घेताना गंभीर दुष्परिणामांचा धोका वाढतो, त्यामुळे डॉक्टरांशी बोलल्याशिवाय घेऊ नका. दुसरा मार्ग म्हणजे परतताना न्यू जर्सीला दादाकडे आठवडाभर राहायचं, म्हणजे ते सहा दिवस तिथेच निघून जातात. मला हाच बरा वाटतो.

पुनोहून बस युंगुयोमार्गे कासानीच्या सीमेवर थांबते. पेरूचा निर्गमनाचा शिक्का घ्यायचा, थोडं चालत पलीकडे जायचं, बोलिव्हियाचा प्रवेशाचा शिक्का घ्यायचा. पहिला शिक्का राहिला की दुसरीकडून परत पाठवतात. घड्याळ एक तास पुढे करा. तिथून गाव आठेक किलोमीटर. बोलिव्हियाचा व्हिसा निघण्याआधीच काढू.

महिना मे. फेब्रुवारीची २ तारीख हा कोपाकबानाच्या देवीचा, म्हणजे मेरीमातेचा सण, ईस्टरआधीच्या पवित्र आठवड्यात ला पाझहून भाविक चालत येतात, आणि ऑगस्टच्या ५-६ तारखेला पुन्हा गर्दी. तेव्हा खोल्या मिळत नाहीत. जून-जुलैत रात्री गोठवणाऱ्या असतात आणि साध्या हॉटेलांत खोली गरम करायची सोय नसते. मे महिन्यातही गरम कपडे, कानटोपी आणि गरम पाण्याची पिशवी हवीच. दिवसा मात्र ऊन भाजून काढतं.

देवळातली मेरीमातेची मूर्ती फ्रान्सिस्को तितो युपांकी या इंका वंशातल्या कारागिराने घडवली आणि २ फेब्रुवारी १५८३ला ती इथे स्थापन झाली. मिरवणुकीत मूळ मूर्ती नेत नाहीत, तिची प्रतिकृती नेतात. बाजूच्या मेणबत्त्यांच्या दालनात धूर कोंडलेला असतो. बाबांनी तिथे दारातूनच नमस्कार करावा. आत फोटो काढायचे नाहीत.

सकाळी दहाच्या सुमारास देवळासमोर गाड्यांना आशीर्वाद देतात, ते चुकवू नका. बॉनेटवर फुलांच्या माळा, कागदी झिरमिळ्या, पाद्री तीर्थ शिंपडतो, मग मालक बिअर शिंपडतो आणि फटाके. दसऱ्याला झेंडूचा हार घातलेली आपली स्कूटर आठवेल. बिअर अंगावर उडते, आई, चांगली साडी नको. शनिवार-रविवारी गाड्या जास्त.

गावाला लागूनची काल्व्हारियोची टेकडी ३,९६६ मीटरवर आहे. दगडी पायऱ्या ओबडधोबड आणि मध्येच उंच. आईने पहिल्या एक-दोन थांब्यांपर्यंत जावं, बाबांनी गुडघ्यांसाठी खालीच बसावं. सरोवरातल्या सूर्याच्या बेटावर तर युमानीच्या धक्क्यापासून थेट दोनशेहून अधिक पायऱ्या चढाव्या लागतात, त्यामुळे ते बेट मी यादीतून काढलं आहे.

शाकाहारी म्हणून दिलेल्या सूपातही बरेचदा मांसाचं पाणी असतं. 'सिन कार्ने, सिन पोयो, सिन पेस्कादो' (मांस नको, कोंबडी नको, मासे नकोत) एवढं पाठ करा आणि सूप कशात शिजवलंय ते विचारा. बटाटे, मका, चीज, किनवा निर्धास्त खा. कोकाच्या पानांचा चहा तिथे चालतो, पण त्याची एकही पुडी पिशवीत ठेवू नका, अमेरिकेत आणि भारतात ती बेकायदा आहे. डॉलर कोरे, न फाटलेले आणा. घडीवर चिरलेली नोट घेत नाहीत.

परतीला ला पाझच्या वाटेवर तिकिना येतं, तिथे सरोवराचा अरुंद पट्टा ओलांडावा लागतो. तिथे सगळ्यांना उतरवून छोट्या होडीतून पलीकडे नेतात आणि बस सपाट लाकडी तराफ्यावर स्वतंत्र येते. पासपोर्ट, औषधं आणि होडीच्या तिकिटापुरती नाणी गळ्यातल्या पिशवीत हवीत, बसमध्ये नाही. पलीकडे उतरल्यावर आपलीच बस ओळखून चढा. बोलिव्हियात रस्ता अडवण्याची आंदोलनं वारंवार होतात, म्हणून ला पाझच्या विमानाआधी एक दिवस मोकळा ठेवते आहे.

बाबांच्या गोळ्यांच्या पाकिटांचे मागचे-पुढचे फोटो या आठवड्यात पाठवा. डॉक्टरांचं उत्तर आल्यावरच तिकिटं काढेन.

तुमची,
चिमी