जळाऊ फणस आणि पेनची कांडी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

३ जून २०२० चे निसर्ग आणि पुढच्याच मे महिन्यातले तौक्ते या दोन वादळांत किनाऱ्यावरच्या वाड्यांमधली फणस-आंब्याची जुनी झाडे आडवी झाली. दर पावसाळ्यात अजून काही पडतातच. सरळ सोट ओंडका गिरणीत जातो. आखूड, वाकडे, गाठीचे तुकडे जळाऊ म्हणून वजनावर विकले जातात. लाकडी पेन कातणाऱ्याला नेमके हेच तुकडे हवे असतात. त्याची कांडी, बाजारातल्या भाषेत ब्लँक, साधारण १९ मिमी चौरस आणि १३० मिमी लांब. एका घनफुटात हिशोबाने अशा सहाशे बसतात. भुसा, चिरा, कीड वजा जाता निम्म्या हाती लागल्या तरी पुष्कळ.

घोडे अडते ते ओलाव्यापाशी. पेनमध्ये पितळी नळी चिकटवतात आणि तिच्यावर लाकडाची भिंत उरते जेमतेम एक-दोन मिलिमीटर. पितळ आकसत नाही, लाकूड आकसते. दमट हवेत कातलेले पेन पुण्याच्या उन्हाळ्यात किंवा एसीच्या खोलीत गेले की रेषेच्या दिशेने उभी चीर पडते. पावसाळ्यात आपल्याकडे कितीही दिवस लाकूड रचून ठेवा, ते १५ टक्क्यांखाली उतरत नाही. कांडीला ८ ते १० टक्के हवेत. लाकूड वाळले का हे पाहायला घरच्या वजनकाट्यावर दर आठवड्याला तीच कांडी तोलणे हा सोपा उपाय, पण पावसाळ्यात वजन स्थिर झाले म्हणजे लाकूड वाळले असे नव्हे, ते फक्त हवेच्या बरोबरीला आलेले असते. म्हणून वाळवणी डिसेंबर ते मे, सावलीत, वारा खेळेल अशी. आणि मृग लागण्याआधी कांड्या हवाबंद पिशवीत.

कापायच्या दिवशीच दोन्ही टोके वितळलेल्या मेणात बुडवावीत, कारण पाणी टोकांतून सर्वांत लवकर निघते आणि चिरा तिथूनच सुरू होतात. अख्खी कांडी मेणात बुडवली तर ती दिसायला छान दिसते आणि आतून वर्षानुवर्षे ओली राहते. ओले लाकूड २२ मिमी जाड कापावे, वाळल्यावर १९ ला आणावे. गोल करवत प्रत्येक कापाला सुमारे ३ मिमी खाते, पट्टा करवत एक. दहा कापांत सव्वा कांडीहून जास्त लाकडाचा भुसा!

फणसाचा पिवळा गाभा उन्हाने तपकिरी होत जातो, हे गिऱ्हाइकाला आधी सांगावे. आंबा पडून राहिला की बुरशीच्या काळ्या रेघा उमटतात आणि त्याच रेघांना भाव असतो. नख रुतू लागले की मात्र वेळ गेली. मग निर्वात भांड्यात राळ मुरवावी लागते, त्यासाठीही लाकूड आधी भट्टीत कोरडे ठक्क हवे. भेरली माडाचा बाहेरचा काळा भाग देखणा, पण भोक पाडताना सळ्या सुटतात. आधी पातळ सुपर ग्लू पाजावा, कांडी थोडी लांब ठेवावी आणि ड्रिल आरपार जाण्याआधी थांबवून टोक कापून टाकावे. साध्या, रेषा नसलेल्या लाकडाची कांडी ४५ अंशांत तिरकी काढली तर तीही उठून दिसते. रानबिब्ब्याला मात्र हात लावू नये, चिकाने फोड येतात.

फणस, आंबा, चिंच, जांभूळ, खैर, ऐन, किंजळ ही १९६४ च्या वृक्षतोड कायद्याच्या यादीतली झाडे आहेत. झाड आपोआप पडलेले असले तरी वनखात्याला आधी विचारावे आणि मिळालेला कागद जपून ठेवावा. शिसवीच्या वर्गातली (डालबर्जिया) जवळजवळ सगळी झाडे तर २०१७ पासून साइट्सच्या, म्हणजे वन्य प्राणी-वनस्पतींच्या परदेशी व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या, दुसऱ्या परिशिष्टात आहेत, म्हणून परदेशी पार्सलात तिची एकही कांडी कागदाविना घालू नये. प्रत्येक कांडीवर झाडाचे नाव आणि कापल्याचा महिना पेन्सिलीने लिहिलेला असावा, नुसते 'जंगली लाकूड' नको.

आपला,
एक वाचक, राजापूर